आधी जागा, मग सेल



अंगणात कोणी पाऊल टाकले की आपोआप दिवा लावणारे, किंवा घरातल्या मोबाइलवर सूचना धाडणारे लहानसे बिनतारी उपकरण तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दुकानात ते ‘मोशन सेन्सर’ या नावाने मिळते. आपण त्याला चाहूलयंत्र म्हणू. त्याच्या खोक्यावर पुष्कळदा दोन गोष्टी ठळकपणे छापलेल्या आढळतात : ‘कुठेही बसवा’ आणि ‘सेल दोन वर्षे टिकतात’. माझे म्हणणे असे, की या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. यंत्र कुठेही बसवले तर सेल दोन वर्षे टिकणार नाहीत. आणि ते दोन वर्षे टिकायला हवे असतील, तर यंत्र कुठेही बसवून चालणार नाही. हे कसे, ते तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या विज्ञानाने आणि थोड्या गणिताने पाहू.

यंत्राला काय दिसते?

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे तापमापक ठेवला. तेथे उजेड दिसत नव्हता, तरी पारा चढला. डोळ्यांना न दिसणारे हे किरण म्हणजे अवरक्त किरण. प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार ते बाहेर टाकत असतो. आपल्या त्वचेचे तापमान ३३-३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वीनच्या नियमाने हिशेब केला, तर तिच्यातून सर्वांत जोराने निघणाऱ्या किरणांची तरंगलांबी सुमारे साडेनऊ मायक्रोमीटर येते.

चाहूलयंत्र याच किरणांवर चालते. त्यात एका विशिष्ट पदार्थाच्या दोन बारीक चकत्या शेजारीशेजारी बसवलेल्या असतात. या पदार्थाचे तापमान जरासे बदलले, की त्याच्या पृष्ठभागावर विद्युत्-भार येतो. तापमान स्थिर राहिले तर काहीच होत नाही. दोन्ही चकत्या एकमेकींच्या उलट जोडलेल्या असल्यामुळे सारे अंगण हळूहळू तापले तर दोघींचा परिणाम परस्पर कटतो. पण माणूस आडवा चालत गेला, की त्याची ऊब आधी एकीवर आणि मग दुसरीवर पडते. तेवढ्या फरकाने यंत्राला चाहूल लागते.

समोरचे दुधी रंगाचे झाकण नीट पाहा. त्यावर बारीक रेघांची अनेक लहान भिंगे असतात. १८२० च्या दशकात ऑगस्टिन फ्रेनेल यांनी दीपगृहांसाठी जे चपटे भिंग तयार केले, त्याचेच हे धाकटे भावंड. हे झाकण काचेचे नसते, पॉलिथिनसारख्या प्लास्टिकचे असते. कारण साधी काच या लांबीचे अवरक्त किरण अडवते. म्हणून खिडकीच्या बंद काचेआड यंत्र ठेवले तर ते आंधळे होते. ही भिंगे समोरच्या जागेचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडतात. माणूस पट्टे ओलांडत गेला तर चाहूल चटकन लागते. तो सरळ यंत्राकडेच चालत आला तर बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो आणि चाहूल उशिरा लागते. यावरून पहिला नियम निघतो : येण्याची वाट यंत्रासमोरून आडवी जाईल, अशा भिंतीवर ते बसवावे.

सेलचा जमाखर्च

आता खर्चाकडे वळू. सोयीसाठी गोल आकडे घेऊ. समजा, यंत्रात पेन्सिल सेलची एक जोडी आहे. सेल एकामागे एक जोडले की विद्युत्-दाब दुप्पट होतो, पण साठा एका सेलएवढाच राहतो. तो आपण २००० मिलिअँपिअर-तास धरू. नुसते चाहूल घेत बसायला यंत्राला ५० मायक्रोअँपिअर, म्हणजे ०.०५ मिलिअँपिअर, एवढा प्रवाह लागतो असे मानू. २४ तासांचा खर्च झाला १.२ मिलिअँपिअर-तास. एवढाच खर्च असता, तर सेल साडेचार वर्षे पुरले असते.

पण चाहूल लागली की यंत्राला ती घरात कळवायची असते, आणि खरा खर्च या हाकेचा आहे. झोपेतून उठून वाय-फायशी जोडून घेणे आणि निरोप देणे यासाठी साधारण १०० मिलिअँपिअर प्रवाह ३ सेकंद लागतो असे धरले, तर एका हाकेला ०.०८३ मिलिअँपिअर-तास जातात. म्हणजे एक हाक मारायला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात यंत्र दीड तासाहून अधिक वेळ गुपचूप पहारा करू शकते!

दिवसाला २० हाका झाल्या, तर हाकांचा खर्च १.६७ आणि पहाऱ्याचा १.२, मिळून सुमारे २.९ मिलिअँपिअर-तास. सेल जवळजवळ दोन वर्षे टिकतील. खोक्यावरचे वचन खरे ठरले. आता तेच यंत्र रस्त्याकडे तोंड करून फाटकावर बसवा. पायी जाणारे, सायकली, कुत्री, गुरे मिळून दिवसाला ४०० हाका झाल्या, तर रोजचा खर्च ३४.५ मिलिअँपिअर-तासांवर जातो आणि सेल ५८ दिवसांत संपतात. यंत्र तेच, सेल तेच. बदलली ती फक्त जागा. दोन वर्षांत एका ठिकाणी दोन सेल लागले, तर दुसऱ्या ठिकाणी पंचवीस.

कोणी म्हणेल, झिग्बीसारख्या कमी खर्चाच्या रेडिओ पद्धती आहेत की! आहेत, आणि त्यांचा निरोप सेकंदाच्या अगदी लहान भागात आटोपतो. पण तो निरोप झेलण्यासाठी घरात आणखी एक उपकरण रात्रंदिवस भिंतीवरच्या विजेवर चालू ठेवावे लागते. ते १ वॅटचे असले, तरी दिवसाला २४ वॅट-तास घेते. आपल्या ४०० हाका मारणाऱ्या यंत्राचा दिवसाचा सारा खर्च ०.१ वॅट-तास आहे. सेल वाचले, पण खर्च घराच्या मीटरवर गेला.

जागा तीन प्रकारे खर्च ठरवते

पहिला प्रकार वर्दळीचा, तो पाहिला. दुसरा उष्णतेचा. उन्हाने तापलेली पाने वाऱ्याने हलणे, वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा गरम झोत, स्वयंपाकघराचे धुराडे, नुकतीच आणून लावलेली स्कूटर, या सर्वांमुळे फसवी चाहूल लागू शकते. भिंगावर कोळ्याने ठाण मांडले तरीही तेच. यात आपल्याकडच्या हवेचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. यंत्राला माणूस दिसतो तो त्याच्या आणि मागच्या भिंतीच्या तापमानांतील फरकामुळे. नाशिकला थंडीच्या पहाटे हा फरक २० अंशांहूनही मोठा असू शकतो. विदर्भात मे महिन्यात दिवसभर तापलेली भिंत संध्याकाळी आपल्या त्वचेइतकीच गरम असू शकते. मग यंत्राला माणूस आणि भिंत यांत फारसा भेद उरत नाही. म्हणून डिसेंबरात चाचणी घेऊन मेमध्ये भरवसा ठेवू नये. उन्हाळ्यात संवेदनक्षमतेचा खटका वाढवला असेल, तर थंडी पडताच तो पुन्हा उतरवला पाहिजे. नाहीतर मांजर गेले तरी हाक होईल.

तिसरा प्रकार रेडिओ लहरींचा. सिमेंट-लोखंडाच्या भिंती, पत्र्याची शेड, पावसाने ओल्या झालेल्या भिंती यांतून जाताना लहरी क्षीण होतात. निरोप पोचला नाही की यंत्र तो पुन्हा पाठवते, आणि प्रत्येक वेळी सेलमधूनच पैसे मोजते. दोन खोल्या पलीकडून ओरडणे आणि शेजारी बसून बोलणे, यात जो श्रमाचा फरक आहे, तोच येथे आहे.

या तिन्हींचा विचार केला, तर चांगली जागा बहुधा अशी ठरते : जमिनीपासून दोन-अडीच मीटर उंच, तोंड किंचित खाली, रस्त्याकडे पाठ किंवा कूस, वळचणीखाली सावलीत आणि पावसाच्या झडीपासून आत. खोक्यावर ‘आयपी ६५’ लिहिलेले असेल, तर ६ हा आकडा धूळ आत शिरत नाही असे सांगतो आणि ५ हा पाण्याचा फवारा सोसतो असे सांगतो. तरीही कोकणातल्या आषाढाशी मुद्दाम पैज लावण्याचे कारण नाही.

सौर पट्टी हे उत्तर आहे का?

येथे पुष्कळ जण सुचवतात, की एवढा हिशेब कशाला? एक सौर पट्टी जोडा आणि मोकळे व्हा. हा मुद्दा पोकळ नाही. अर्ध्या वॅटची लहानशी पट्टी तासभर स्वच्छ उन्हात राहिली तर ०.५ वॅट-तास देऊ शकते. म्हणजे ४०० हाकांच्या दिवसासारखे जवळजवळ पाच दिवस त्यात निघावेत.

पण पट्टीला ऊन हवे आणि डोळ्याला सावली हवी. दोन्ही एकाच डबीत बसवले की भांडण सुरू होते. उन्हात लावले तर डबी तापते, फसव्या हाका वाढतात आणि आतला लिथियम घट उष्णतेने लवकर म्हातारा होतो. वळचणीखाली लावले तर पट्टीला ऊनच मिळत नाही. म्हणून सौर पट्टी घ्यायचीच असेल तर ती वायरने दूर नेता येईल अशी घ्यावी. यंत्र सावलीत राहू द्यावे आणि पट्टी दक्षिणेकडे, आपल्या महाराष्ट्रात सुमारे वीस अंश कलती ठेवून, अधूनमधून धूळ पुसावी.

आणि याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. सौर पट्टीमुळे खोट्या हाका परवडू लागतात. पण त्यामुळे त्या खऱ्या होत नाहीत. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट तुम्हांला ठाऊकच आहे. दिवसातून ४०० वेळा वाजणाऱ्या सूचनेकडे घरातली माणसे आठवड्याभरात दुर्लक्ष करू लागतात. मग ज्या रात्री आजी अंधारात पायरी चुकते, त्या रात्रीची सूचनाही त्याच गर्दीत बुडून जाते. फुकटची ऊर्जा मिळाली तरी घरच्यांचे लक्ष फुकट मिळत नाही. माझ्या मते चाहूलयंत्राची खरी मौल्यवान शक्ती ही आहे, आणि ती कोणत्याही बॅटरीत साठवता येत नाही.

शेजाऱ्याचाही विचार करा. चाळीच्या सामाईक गॅलरीत किंवा सोसायटीच्या जिन्यात यंत्राचे तोंड समोरच्या दाराकडे असेल, तर त्या घरचे लोक केव्हा आले आणि केव्हा गेले याची नोंद आपल्या मोबाइलमध्ये साठत राहते. ती ठेवण्याचे आपल्याला काही कारण नाही. गमतीची गोष्ट अशी, की यंत्राची नजर आपल्याच उंबऱ्यापुरती ठेवली तर सेलही वाचतात. येथे सभ्यता आणि काटकसर एकाच दिशेने बोट दाखवतात.

संपलेल्या सेलचेही पाहिले पाहिजे. आपल्या देशात २०२२ साली बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम झाले. त्यांनुसार वापरलेले सेल घरच्या इतर कचऱ्यात न मिसळता वेगळे टाकणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे. दोन वर्षांत दोन सेल वेगळे ठेवणे सोपे. पंचवीस ठेवण्याची शिस्त किती घरांत राहील?

तुम्ही काय कराल?

यंत्र घेण्यापूर्वी वही-पेन्सिल घ्या. ज्या जागी ते बसवायचे मनात आहे, तेथे संध्याकाळी एक तास बसा आणि समोरून जाणारी माणसे, वाहने, कुत्री, मांजरे मोजा. असे तीन दिवस करा. वर दिलेल्या रीतीने सेल किती दिवस पुरतील ते काढा. मग यंत्र भिंतीला चिकटपट्टीने तात्पुरते लावून आठवडाभर पाहा. सूचनांतल्या किती खऱ्या आणि किती फसव्या, यांची नोंद ठेवा. मात्र एक ध्यानात असू द्या : सेल वाचवण्यासाठी पुष्कळ यंत्रे एकदा हाक मारल्यावर काही वेळ मुद्दाम गप्प राहतात. लागोपाठ येरझाऱ्या घालून ‘यंत्र बिघडले’ असा निर्णय देऊ नका. आकडे पटले की मगच वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन, शिडी कोणाला तरी धरायला सांगून, भिंतीत छिद्र पाडा.

आणि उत्पादकांकडेही आपण एक मागणी करू या. खोक्यावर ‘दोन वर्षे’ असे नुसते छापू नका. दिवसाला किती हाका धरून दोन वर्षे, तेही छापा. मोटारीचा विक्रेता गाडी ‘महिनाभर चालते’ असे सांगत नाही. एका लिटरला किती किलोमीटर ते सांगतो. चाहूलयंत्राच्या बाबतीतही तेवढी अपेक्षा ग्राहकाने का ठेवू नये? पुढच्या वेळी दुकानात गेलात की काउंटरवर हा प्रश्न अवश्य विचारा. दुकानदाराला उत्तर देता आले नाही तरी हरकत नाही. तुमच्या वहीत ते असेलच.