युद्धसुद्धा उतरंडीनेच संपतं

परक्या भूमीवरचं नकोसं झालेलं युद्ध एखादा देश कसं आवरतो, यावर लिहिणारे बहुतेक लोक तारखा आणि तह सांगतात. कोणत्या राष्ट्राध्यक्षाने कधी घोषणा केली, वाटाघाटी कोणत्या शहरात झाल्या, सैन्य किती टप्प्यांत परतलं. या सगळ्यात मला एक प्रश्न कायम राहून गेलेला दिसतो. युद्ध आधी कुणासाठी संपलं आणि सगळ्यांत शेवटी कुणासाठी? जात पाहत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न आपोआप पडतो. गावात नळाचं पाणी आधी कोणत्या आळीत येतं आणि शेवटी कोणत्या वस्तीत पोचतं हे ज्याने पाहिलंय, त्याचा 'सगळ्यांसाठी शांतता' या शब्दांवर लगेच विश्वास बसत नाही.

अमेरिकेचं व्हिएतनाम युद्ध हे याचं सगळ्यांत उघडं उदाहरण. तिथे सक्तीची सैन्यभरती होती, पण सक्ती सगळ्यांवर सारखी नव्हती. कॉलेजात शिकणाऱ्याला सवलत मिळायची. चांगला डॉक्टर आणि चांगला वकील परवडणाऱ्याला आणखी वाटा सापडायच्या. कुणाला बोलवायचं आणि कुणाला सोडायचं हे गावोगावची भरती मंडळं ठरवायची. या मंडळांची १९६७ साली सरकारी आयोगाने पाहणी केली, तेव्हा त्यांच्या सदस्यांत काळे लोक जेमतेम १.३ टक्के निघाले. लोकसंख्येत ते सुमारे ११ टक्के होते. आणि युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत, १९६५-६६ च्या सुमारास, मेलेल्या सैनिकांत त्यांचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास होता. निवडणारे कोण आणि निवडले जाणारे कोण, हे या तीन आकड्यांत आलं.

१९६६ साली संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांनी 'प्रोजेक्ट वन हंड्रेड थाउजंड' नावाची योजना आणली. लेखी चाचणीत कमी गुण पडल्यामुळे पूर्वी नाकारली गेलेली मुलं आता सैन्यात घ्यायची. सांगितलं गेलं की या गरिबांना शिक्षण मिळेल, हुन्नर मिळेल, आयुष्य सुधारेल. १९७१ पर्यंत या योजनेतून साडेतीन लाखांच्या आसपास तरुण भरती झाले. त्यांतले सुमारे ४० टक्के काळे होते. शिकवण्याचं आश्वासन फारसं पाळलं गेलं नाही. हातात बंदूक मात्र मिळाली. ज्यांना शाळेने नापास केलं त्यांनाच मरणाच्या परीक्षेत राखीव जागा, असा हा न्याय.

विरोध सगळ्यांत आधी कुणी केला आणि त्याची किंमत काय मोजली, तेही पाहा. २८ एप्रिल १९६७ रोजी मुहम्मद अली याने भरतीला नकार दिला. त्याचं विश्वविजेतेपद काढून घेतलं, ऐन उमेदीची तीन वर्षं त्याला रिंगणाबाहेर ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली ती १९७१ साली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये युद्धाविरुद्ध जाहीर भाषण केलं. जी काळी आणि गोरी मुलं आपल्या देशात एका शाळेत बसू शकत नाहीत, ती तिकडे खांद्याला खांदा लावून मारतात आणि मरतात, हे त्यांनी बोलून दाखवलं. मोठमोठ्या वृत्तपत्रांनी त्यांना सुनावलं की नागरी हक्कांपुरतं बोला, परराष्ट्र धोरण तुमचा विषय नाही. आपल्याकडेही बहुजन माणूस आरक्षणावर बोलला तर चालतं. अर्थसंकल्पावर किंवा संरक्षणावर बोलला की 'हा तुमचा विषय नाही' हे वाक्य ठेवलेलंच असतं.

रिचर्ड निक्सन जानेवारी १९६९ मध्ये सत्तेवर आले तेव्हा व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून जास्त अमेरिकन सैनिक होते. युद्ध लोकांना नको होतं. निक्सन यांच्यासमोर दोन वाटा होत्या. युद्ध संपवायचं, किंवा युद्धाबद्दलची नाराजी संपवायची. त्यांनी दुसरी वाट धरली आणि पहिलीच धरल्यासारखं दाखवलं.

त्यांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, १ डिसेंबर १९६९ पासून भरतीसाठी जन्मतारखांची सोडत सुरू केली आणि पुढे भरतीचे आकडे कमी करत नेले. ज्याचा क्रमांक वरचा निघाला तो निर्धास्त झाला आणि त्याचं घरही निर्धास्त झालं. दुसरी, अमेरिकन सैन्य हळूहळू परत आणून त्याच्या जागी दक्षिण व्हिएतनामी सैन्य उभं केलं. या धोरणाला 'व्हिएतनामीकरण' असं नाव दिलं. नियमित फौजा आणि स्थानिक दलं मिळून ते सैन्य दहा लाखांच्या वर गेलं. तिसरी, जमिनीवरचं युद्ध आकाशात नेलं. कंबोडिया आणि लाओसवर बॉम्ब पडत राहिले. वैमानिक थोडेच मरतात आणि खालच्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

मी याला उतरंड म्हणतो. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेबद्दल जे सांगितलं त्याचं मर्म हेच, की वरचा आपलं ओझं खालच्यावर टाकतो आणि खालच्यालाही त्याच्याखाली कुणीतरी दिलेलं असतं. त्यामुळे सगळे मिळून ओझं फेकून देत नाहीत, जो तो आपल्यापुरता सुटायला बघतो. कॉलेजातला गोरा मुलगा सुटला, मग कामगाराचा मुलगा सुटला, मग काळा सैनिक घरी आला. ओझं खाली खाली सरकत शेवटी व्हिएतनामी शेतकऱ्याच्या पोराच्या डोक्यावर आलं. निक्सन यांच्या काळात, म्हणजे युद्ध 'संपवलं जात असताना', वीस हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले. दक्षिण व्हिएतनामचे सैनिक संपूर्ण युद्धात दोन लाखांहून अधिक मेले. नागरिकांची संख्या लाखांत आहे.

२७ जानेवारी १९७३ रोजी पॅरिसचा करार झाला. सक्तीची भरती बंद होत असल्याची घोषणाही त्याच दिवशी झाली. अमेरिकन मध्यमवर्गासाठी युद्ध तिथे संपलं. व्हिएतनाममध्ये ते आणखी दोन वर्षं चाललं, ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडेपर्यंत. शेवटच्या हेलिकॉप्टरांत ज्यांना जागा मिळाली नाही ते अमेरिकेसाठीच काम केलेले लोक होते. निक्सन यांनी उभारणीसाठी तीन अब्ज डॉलरहून जास्त मदतीचं लेखी आश्वासन दिलं होतं. ते कधी पुरं झालं नाही. उलट व्यापारबंदी आली आणि ती उठायला १९९४ साल उजाडलं. लाओसच्या शेतांत तर न फुटलेले बॉम्ब आजही नांगराखाली येतात. तिथल्या शेतकऱ्यासाठी युद्ध अजून संपलेलं नाही.

स्मृतीचीही उतरंड असते. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात सैनिकी तुकडीने चार गोरे विद्यार्थी मारले. जगाला ते माहीत आहे. पुढच्या अकराव्या दिवशी मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या काळ्यांच्या कॉलेजात पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण मेले. ते किती जणांना माहीत आहे? माफीचंही तेच. २१ जानेवारी १९७७ रोजी जिमी कार्टर यांनी भरती टाळणाऱ्यांना माफी दिली. कॅनडाला निघून जाण्याची ऐपत असलेले सुशिक्षित तरुण त्यात मोठ्या संख्येने होते. सैन्यात जाऊन मग पळालेल्यांना ती सरसकट माफी मिळाली नाही. हे बहुतेक गरिबाघरचे होते. डागाळलेला सेवादाखला घेऊन फिरणाऱ्या सैनिकांत काळ्यांचं प्रमाण जास्त होतं, आणि असा दाखला म्हणजे नोकरी, शिक्षण, उपचार सगळ्याला मुकणं.

कुणी म्हणेल, कसंही का होईना, युद्ध थांबलं ना? थांबलं, पण कशामुळे ते नीट सांगायला हवं. पहिलं कारण, व्हिएतनामी लोक वाकले नाहीत. दुसरं, खुद्द सैनिकांनी नकार द्यायला सुरुवात केली. एप्रिल १९७१ मध्ये युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी आपली पदकं वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या इमारतीसमोर फेकली. तिसरं, संसदेने तिजोरीला कुलूप लावलं. १५ ऑगस्ट १९७३ नंतर इंडोचीनमध्ये लढायला पैसा मिळणार नाही, असा कायदा झाला आणि कंबोडियावरचे बॉम्ब त्या दिवशी थांबले. मोर्चे महत्त्वाचे होतेच. पण भरतीची भीती ओसरली तशी मोर्च्यांतली गर्दीही ओसरली, हे आपण विसरू नये.

हा सगळा इतिहास आपल्याला परका नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं, आणि तिच्या जाहीरनाम्यात व्हिएतनामचाही उल्लेख आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या त्या पोरांना सायगाव कुठे आहे हे कळत होतं. कारण सैन्य आणि उतरंड यांचं नातं आपल्या रक्तातलं आहे. ब्रिटिशांनी महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली महार पलटण उभी केली. युद्ध संपताच, १९२१ मध्ये, मोडून टाकली. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा पुन्हा आठवण झाली. गरज असते तोवर शूर, गरज सरली की अस्पृश्य.

आणि भारताचंही एक नकोसं परकीय युद्ध आहे, त्याबद्दल आपण बोलत नाही. जुलै १९८७ च्या करारानंतर शांतिसेना श्रीलंकेत गेली, ऑक्टोबरात ती लढायला लागली आणि २४ मार्च १९९० रोजी परतली. अकराशेहून अधिक भारतीय सैनिक गेले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन ८ महार बटालियनचे. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. याच युद्धात जाफना रुग्णालयात शिरलेल्या आपल्या सैन्याच्या हातून डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. सैन्य मद्रासला उतरलं तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. सैनिकांना कुणी धड आपलं म्हटलं नाही आणि जाफन्याच्या तमिळांना कुणी उत्तर दिलं नाही. ज्यांनी दिल्लीत बसून निर्णय घेतला, त्यांच्या मुलांपैकी किती जण त्या जंगलात होते, हे विचारायचीही पद्धत आपल्याकडे नाही.

'सैन्य परत आणा' ही मागणी बरोबरच आहे, पण ती मला अपुरी वाटते. कुणाला आधी परत आणताय, कुणाच्या डोक्यावर ओझं ठेवून येताय, भरपाई कुणाला देताय, हेही त्याच मागणीत असलं पाहिजे. आपल्यातला एखादा सुटला की आपण सुटलो, असं समजणाऱ्या समाजात युद्ध संपत नाही. ते फक्त एक पायरी खाली जातं, आणि तिथूनही कुणाच्या तरी घराचं छप्पर दिसत असतं.