मी हार ओवतो, त्यात बिघडले कुठे?

गेल्या माघातली गोष्ट. धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे आले होते. चहापोहे झाले, मुलीला विचारायचे ते विचारून झाले आणि मुलाच्या काकांनी माझ्याकडे मान वळवली. "पोरीचा भाऊ काय करतो?" मी तोंड उघडण्यापूर्वीच आमचे चुलते म्हणाले, "फायनान्समध्ये आहे."

मित्रहो, फायनान्सची ती नोकरी सोडून मला तेव्हा सतरा महिने झाले होते. त्याच दिवशी पहाटे चारला उठून मी तुळजापुरात चाळीस हार ओवून आलो होतो. बहिणीच्या केसांतली शेवंतीची वेणीसुद्धा माझ्याच हातची होती. त्या दिवशी जे बोलता आले नाही, ते आज या अंकात लिहून टाकतो.

बारावीनंतर तीन वर्षे मी एका खाजगी कंपनीत कर्जवसुलीचे काम केले. गळ्यात ओळखपत्र, बुडाखाली मोटारसायकल, महिन्याच्या महिन्याला पगार. गावाच्या लेखी मी 'लाइनीला लागलेला' मुलगा! काम काय, तर बचत गटातल्या बायांच्या दारात बसून राहायचे आणि हप्ता हाती पडल्याशिवाय उठायचे नाही. एका श्रावणात पावसाने ओढ दिली होती. कळंब तालुक्यातल्या एका घरी मी दुपारभर असाच बसलो. शेवटी ती माउली आत गेली आणि लेकीच्या पायातले पैंजण आणून तिने माझ्यापुढे ठेवले. ते माझ्याच्याने उचलवले नाहीत. पुढच्याच महिन्यात मी ओळखपत्र परत केले. त्या नोकरीला आमच्या भावकीत मान आहे आणि हार ओवण्याला नाही, हे गणित मला अजून सुटलेले नाही.

तुळजापुरात एका मावशींच्या दुकानी मी शिकायला बसू लागलो. यात शिकायचे ते काय, असे प्रारंभी मलाही वाटले होते. सुईत दोरा घालावा नि फूल ओवावे! पहिल्या दिवशी माझा हार उचलताच मधोमध तुटला. मावशी म्हणाल्या, "नुसती फुलं भरली म्हंजी हार होत न्हाई, बाबा. हाताला वजन कळाय पायजे." झेंडूच्या खालच्या हिरव्या भागातून सुई गेली तर फूल टिकते, नुसत्या पाकळ्यांतून गेली तर ते दोन तासांत विसकटते. उन्हाळ्यात मोगरा आला तेव्हा नवीच शाळा सुरू झाली. गजरा बांधताना मावशी सुईला हातही लावीत नाहीत. दोन कळ्या इकडे, दोन कळ्या तिकडे, देठाशी देठ, आणि दोऱ्याचा फास असा बसवायचा की कळी निसटू नये आणि देठही चिरडू नये. तो फास अंगठ्याला कळायला मला दीड महिना लागला. सकाळी कळी मिटलेलीच हवी, म्हणजे ती संध्याकाळी माळणारीच्या केसांत उमलते.

मोगरा ओल्या फडक्यात जपायचा, पण झेंडूचा ढीग कोरडा ठेवायचा, हे मला मावशींनी दहादा सांगितले होते. तरी गेल्या दसऱ्याला मी पावसात भिजलेला दोन क्विंटल झेंडू स्वस्त मिळाला म्हणून उचलला. आठव्या माळेच्या रात्री ढिगात हात घातला तर आत चटका बसेल इतकी ऊब! सकाळी अर्ध्याहून अधिक माल काळा पडून चिकट झाला होता. एका रात्रीत महिन्याची कमाई गेली. वर दसरा सरला की उरलेला झेंडू कोणी फुकटही नेत नाही. तुळजापुरात मात्र सीमोल्लंघनानंतर देवी पौर्णिमेपर्यंत निद्रेस जाते आणि अश्विनी पौर्णिमेला यात्रेकरूंची पुन्हा रीघ लागते. तेव्हा फुलाऱ्याला पंचांग पाठ हवे, आभाळ वाचता यायला हवे आणि बाजारभावही जिभेवर हवा. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातले मागणी-पुरवठ्याचे प्रकरण मला एका वाचनात समजले, त्याचे श्रेय त्या सडलेल्या झेंडूला आहे. (गंमत पाहा, दसऱ्याच्या तोरणात ज्याच्यावाचून आपले अडते तो झेंडू मूळचा अमेरिका खंडातला!)

चुलत्यांचा खरा आक्षेप पैशाचा नाही. "आपण काय गुरव आहोत का फुलारी?" असे ते विचारतात. त्याचे उत्तर मला यंदा इतिहासाच्या तासानंतर ग्रंथालयात सापडले. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. आजोबा शेटीबा यांच्या काळात घरात दारिद्र्य आले. त्यांच्या तिन्ही मुलांना पुण्यात एका फुलाऱ्याने हाताशी धरले आणि आपला धंदा शिकवला. जोतीरावांचे वडील गोविंदराव हे त्यांतलेच एक. या भावांचा हात असा बसला की दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी फुलांच्या गाद्या त्यांच्याकडून जाऊ लागल्या, पस्तीस एकर जमीन इनाम मिळाली आणि गोऱ्ह्यांचे 'फुले' झाले. म्हणजे ज्या आडनावापुढे आपण हात जोडतो, ते शिकून घेतलेल्या कसबाचे नाव आहे. १८४८ ची मुलींची शाळा आणि १८७३ चा सत्यशोधक समाज आम्ही परीक्षेत हमखास लिहितो, पण या आडनावाची हकिकत वर्गात एकालाही ठाऊक नव्हती. कसबाचे काय, आपल्याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची माती आम्हांला पूज्य आहे, माझ्या बोटांवरचा झेंडूचा पिवळा डाग पाहून मात्र बाकावरचा मित्र विचारतो, "अरे, नोकरीचे काही बघतोस की नाही?" प्राध्यापक मंडळींनी रागावू नये, पण 'एवढा शिकून शेवटी हेच करणार?' हा प्रश्न मला स्टाफरूममध्येही विचारला गेला आहे. यातला 'शेवटी' हा शब्द मला खुपतो. मी या धंद्यात ठेचकाळत येऊन पडलेलो नाही, निवडून आलो आहे, आणि बी.ए.लासुद्धा वयाच्या बाविसाव्या वर्षी असाच निवडून आलो.

हा धंदा फार सुखाचा आहे, असे मी कोणाला सांगणार नाही. आषाढात गिऱ्हाईक नसते, पहाटेच्या गार पाण्याने बोटे भेगाळतात, आणि आता प्लॅस्टिकची फुले गाडीच्या काचेपासून लग्नाच्या मंडपापर्यंत पोचली आहेत. वसुलीत जेवढे मिळत होते तेवढे अजून मिळत नाही. पण संध्याकाळी हिशेब मांडताना कोणाच्या लेकीचे पैंजण डोळ्यांपुढे येत नाहीत.

बहिणीचे जमले. लग्न येत्या वैशाखात आहे. वधूवरांचे हार आणि मुंडावळ्या भाऊच ओवणार आहे, असे तिने सासरी फोन करून स्वतःच सांगून टाकले. "मग मोगऱ्याच्याच करा म्हणावं," असा तिकडून निरोप आला आहे. चुलत्यांना हे अजून कळलेले नाही.