हसू मोजू नका, माप मोजा

मिस्ट्री शॉपिंग हा शब्द आता मुंब्रा, भिवंडी, मालेगावच्या मुलामुलींच्या मोबाईलवरही पोचला आहे. साधं गिऱ्हाईक बनून दुकानात, बँकेत, हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर जायचं, तिथे काय दिसलं ते घरी येऊन फॉर्ममध्ये भरायचं आणि एजन्सीकडून त्याचे पैसे घ्यायचे. आपण तपासणीस आहोत हे समोरच्याला कळता कामा नये. पोलिसांच्या सापळ्याच्या बातमीत ज्याला 'बनावट ग्राहक' म्हणतात, तोच हा माणूस. फरक इतकाच, की याला पोलीस पाठवत नाहीत, दुकानाचा मालक पाठवतो.

नवख्यांना सल्ला देणाऱ्यांची कमी नाही. फिरा, खा, खरेदी करा आणि वर पैसेही कमवा, असा एकूण सूर असतो. त्यात दोन गोष्टी गाळल्या जातात. या कामाच्या नावाखाली फसवणूक किती सहज होते, ही एक. आणि या तपासणीत पोट कोणाचं मारलं जातं, ही दुसरी. पहिली थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर वाद नाही.

मिस्ट्री शॉपर होण्यासाठी कोणालाही पैसे भरावे लागत नाहीत. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन तिथल्या लोकांना हेच बजावत आलं आहे. तिथे ठग खोटा चेक पाठवतात, तो वटायच्या आत गिफ्ट कार्ड विकत घ्यायला लावतात आणि कार्डांचे नंबर मागून घेतात. आपल्याकडे तेच टेलिग्रामवर चालतं. आधी हॉटेलांना रेटिंग द्यायचे पन्नास-शंभर रुपये खरोखर खात्यात येतात, मग 'प्रीपेड टास्क' येतो आणि लोक हजारो, लाखो रुपये घालवून बसतात. नोंदणी फी, डिपॉझिट, ओटीपी यांपैकी काहीही मागितलं तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा.

काम खरं असलं तरी हिशेब मांडा. जाण्यायेण्याचा खर्च, दुकानातला वेळ, फॉर्म भरायचा वेळ आणि खरेदीतला किती भाग परत मिळणार, हे आधी लेखी घ्या. बिल जपून ठेवा. बाहेर पडल्याबरोबर वेळ आणि बोललेले शब्द टिपून ठेवा. फॉर्ममध्ये मत लिहू नका, घडलं ते लिहा. 'मुलगी उर्मट होती' हे मत झालं. 'मी किंमत विचारली, तिने उत्तर न देता फळीकडे बोट दाखवलं' ही नोंद झाली.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येतो.

तो फॉर्म नीट वाचा. कर्मचाऱ्याने तीस सेकंदांत स्वागत केलं का? हसला का? गणवेश, नावाची पट्टी नीट होती का? ताठ उभा होता का? दुसरी वस्तू घ्यायचा आग्रह केला का? जवळपास सगळे प्रश्न काउंटरमागच्या माणसाबद्दल. तीन काउंटरांना एकच मुलगी का ठेवली, ती सकाळपासून किती तास उभी आहे, तिला बसायला स्टूल आहे का, हे फॉर्म विचारत नाही. केरळात कापड दुकानांतल्या बायकांना नुसतं बसता यावं म्हणून लढावं लागलं. त्यांच्यामुळे २०१८ मध्ये तिथला कायदा बदलला, २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तो कित्ता गिरवला. ज्या हक्कासाठी त्या झगडल्या, तोच हक्क कोणी वापरला तर 'ताठ उभा होता का' या रकान्यात तिला शून्य मिळेल. इन्सेंटिव्ह त्या गुणांशी जोडलेला असला, तर तो कापला जाईल. आणि ते शून्य तुमच्या हातून पडेल, त्याच मोहल्ल्यातल्या, कदाचित तुमच्याच चुलत बहिणीच्या वयाच्या मुलीला.

यावर ठरलेलं उत्तर येतं. दुकान मालकाचं आहे, आपल्या दुकानात काय चाललंय हे बघायचा त्याला हक्क आहे. हक्क आहे, मान्य. पण माणसं कमी ठेवायची, पगार कमी द्यायचा आणि त्यातून जे बिघडतं त्याची नोंद मात्र नोकराच्या नावावर करायची, याला तपासणी म्हणत नाहीत. हिशेबाची ती वही मालकाने आधीच आपल्या बाजूने आखून ठेवलेली असते.

अनेक तरुण विचारतात, हे काम दीनच्या दृष्टीने जायज आहे का? सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत तजस्सुसला, म्हणजे दुसऱ्याचे ऐब हुडकत फिरायला, साफ मनाई आहे. हजरत उमर यांचा किस्सा तुम्ही ऐकला असेल. रात्री गस्त घालताना त्यांनी भिंत चढून एका घरातल्या माणसाला गुन्हा करताना पकडलं. तो म्हणाला, मी एक चूक केली, तुम्ही तीन केल्या. हेरगिरी केलीत, दाराने आला नाहीत, सलाम केला नाहीत. उमर यांनी ते मान्य करून त्याला सोडलं, असं सांगतात.

पण त्याच परंपरेत दुसरीही घटना आहे. पैगंबर साहेब एका धान्यविक्रेत्याजवळून जात होते. त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचं कारण सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं, मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस? आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असं बजावलं. पुढे इस्लामी शहरांत वजनमापं आणि भेसळ तपासणारा मुहतसिब नेमला जाऊ लागला, त्यामागे हीच भूमिका होती.

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की उत्तर मिळतं. माणसाचं खासगीपण उकरून काढू नये, बाजारातला माल मात्र हात घालून तपासावा. राशीत हात घालताना त्या विक्रेत्याचं तोंड हसरं होतं का, हे कोणी पाहिलं नव्हतं. म्हणून नवख्यांना माझा सल्ला असा, की काम घेण्यापूर्वी प्रश्नावली मागा. माप, किंमत, मुदत संपलेला माल, लपवलेलं शुल्क, खोटं आश्वासन हे तपासायचं असेल तर बेलाशक घ्या. नुसतं हसू मोजायचं असेल तर नाही म्हणा.

बनावट ग्राहकाची पद्धत वाईट नाहीच. ती चुकीच्या माणसावर रोखली जाते, एवढंच. महाराष्ट्रात गर्भलिंगनिदान करणारे डॉक्टर पकडले गेले ते गरोदर बाया बनावट ग्राहक म्हणून सोनोग्राफी केंद्रात गेल्या म्हणून. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आणि लेक लाडकी अभियानाने हे काम वर्षानुवर्षं धोका पत्करून केलं. संतोष अनागोल, शॉन कोल आणि शायक सरकार या संशोधकांनी आयुर्विमा एजंटांकडे असेच ग्राहक पाठवले. बहुतेक एजंटांनी जास्त कमिशनची पण ग्राहकाच्या उपयोगाची नसलेली पॉलिसी सुचवली. या दोन्ही ठिकाणी गुपित ठेवणारा माणूस दुबळ्याच्या बाजूने उभा होता.

आणि घराचं काय? सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांसाठी उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लीम नावांनी चौकशी केली. २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष आले. उच्चवर्णीय नावाला दार जवळपास सगळीकडे उघडं होतं, दलित नावाला बरंच कमी, मुस्लीम नावाला सर्वांत कमी. आपण हे रोज भोगतो. पण आपलं भोगणं 'तुमचा गैरसमज झाला असेल' या एका वाक्यात उडवलं जातं. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानंतर असे परीक्षक जोडीने पाठवले गेले. काळ्या परीक्षकाला 'जागा नाही' आणि गोऱ्याला 'आहे' असं सांगितलं गेलं. १९८२ मध्ये हॅव्हन्स रिअल्टी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की घर घ्यायचा इरादा नसला तरी खोटं ऐकावं लागलेल्या त्या परीक्षकाला दाद मागता येते. आपल्याकडे खासगी घरमालकाला असा चाप लावणारा केंद्रीय कायदा नाही. दुकानं, हॉटेलं यांच्या प्रवेशात धर्मावरून भेद नको, असं मात्र घटनेच्या कलम १५(२) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. बुरख्यातली बाई मॉलमध्ये शिरली की सुरक्षारक्षक मागेमागे फिरतो का? मी पाहिलेल्या एकाही मिस्ट्री शॉपिंगच्या फॉर्ममध्ये हा रकाना नाही.

तो रकाना आपण आखू. कॉलेजच्या दहा मुलामुलींना हे जमेल. दोघांची जोडी करा. पगार, नोकरी, कुटुंब, बोलण्याचे शब्द सारखे ठेवा, फक्त नाव वेगळं. एकाच दिवशी, त्याच जाहिरातीवर फोन करा. कधी हा आधी, कधी तो. उत्तर लगेच लिहा. चिडवू नका, अडकवू नका, ब्रोकरला दहा घरं उगाच फिरवू नका. फोन उचलणाऱ्या पोऱ्याचं किंवा वॉचमनचं नाव कुठेही छापू नका, कारण नियम त्याने केलेला नाही. पाच फोनांवरून बोलू नका, शंभर करा.

आणि हाच हात आपल्या राशीतही घाला. आपल्या मोहल्ल्यातला घरमालक दलित कुटुंबाला, एकट्या बाईला घर देतो का? उमराहची टूर विकणारा 'हरमपासून पाचशे मीटर' म्हणतो, तेव्हा हॉटेलचं नाव आणि एका खोलीत किती जण हे लेखी देतो का? आयुष्यभराची पुंजी घेऊन आलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला तो काय सांगतो, हे तपासणारा एकही मिस्ट्री शॉपर आपण कधी पाठवलेला नाही. इतरांची दारं मोजायची आणि आपली झाकून ठेवायची, असं केलं तर आपल्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

एजन्सीचं काम करून चार पैसे मिळत असतील तर मिळवा, बेरोजगारीत ते कोणी नाकारू नये. पण नीट बघायची, लगेच लिहायची आणि मत बाजूला ठेवायची जी सवय त्यातून लागते, ती पुढे या कामी आणा. काउंटरमागच्या मुलीवर नजर ठेवायला मालकाकडे कॅमेरे आधीच आहेत.