कान्येरोच्या नावाची पाटी

दक्षिण स्पेनमधील कोर्दोबा शहरात कान्येरो नावाची एक वस्ती आहे. गेल्या शतकाच्या मध्यास गरीब कुटुंबांच्या निवाऱ्यासाठी ती उभारली गेली. जागा ज्याने दिली त्या अंतोनियो कान्येरोचे (१८८५-१९५२) नाव तिला मिळाले. यादवी युद्ध आणि त्यानंतरची हुकूमशाही यांच्या स्मृतींविषयी स्पेनने २००७ साली कायदा केला. जनरल फ्रँकोच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांचा सार्वजनिक ठिकाणचा गौरव पुसण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले, तेव्हा कान्येरोच्या नावाचाही वाद उपस्थित झाला. एक पक्ष त्यास उपकारकर्ता मानतो, दुसरा पक्ष त्यास बंडखोरांचा साथीदार म्हणतो. वस्तुतः दोन्ही पक्ष खरे बोलतात, आणि म्हणूनच हा वाद विचारात घेण्याजोगा आहे.

कान्येरोचे वडील सैन्यात अश्वारोहण शिकवीत. मुलानेही तोच पेशा पत्करला आणि अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धांत नाव कमावले. या स्पर्धेचे मर्म असे की, चाबकाच्या धाकाने घोड्यास अडथळ्यापर्यंत नेता येईल, परंतु झेप कोठून घ्यावयाची हे स्वार आणि घोडा यांच्या परस्परविश्वासानेच ठरते. एक पाऊल मागे-पुढे झाले तरी आडवी काठी खाली येते. हीच अचूकता घेऊन हा लष्करी अधिकारी १९२०च्या दशकात बैलझुंजीच्या रिंगणात उतरला.

घोड्यावरून बैलाशी झुंजणे हा एके काळी स्पेनच्या सरदारांचा मिरविण्याचा खेळ होता. अठराव्या शतकात, बूर्बों घराण्याच्या राजवटीत, सरदारवर्ग त्यापासून दूर झाला आणि पायी लढणाऱ्या सामान्य कुळातील माणसांनी रिंगण ताब्यात घेतले. पोर्तुगालने जुनी परंपरा राखली. स्पेनमध्ये ती क्षीण झाली. कान्येरोने तिला पुन्हा मानाचे स्थान मिळवून दिले. पोर्तुगीज स्वारांचा दरबारी पोशाख त्याने स्वीकारला नाही. अंदालुसियाच्या कुरणांत गुरे राखणारे स्वार वापरीत ते आखूड जाकीट आणि रुंद काठाची टोपी घालून तो प्रेक्षकांसमोर आला. पुढे आल्वारो दोमेक, आंखेल पेराल्ता यांसारख्या स्वारांनी ही कला वाढविली.

तथापि या कौशल्याच्या कौतुकात एक गोष्ट विसरता येत नाही. त्याच रिंगणात, त्याच वर्षांत, दुसरेही घोडे मरत होते. भालाईत पिकादोर ज्यांवर बसे ते घोडे बहुधा म्हातारे, कामातून गेलेले असत. त्यांचा डोळा बांधून त्यांना बैलासमोर उभे करीत आणि शिंगांनी त्यांची पोटे फाटत. त्यांना जाड गादीसारखे कवच घालणे सक्तीचे झाले ते १९२८ साली. शिकविलेल्या घोड्याच्या अंगाला शिंग न लागणे ही स्वाराची प्रतिष्ठा होती, न शिकविलेल्या घोड्याचे मरण हा खेळाचा नित्यक्रम होता. बैलाचे मरण तर दोन्ही प्रसंगी ठरलेलेच. प्राण्यावरील प्रेम त्याच्या उपयोगापुरतेच राहिले, तर त्यास प्रेम म्हणावे काय, हा प्रश्न या खेळाच्या चाहत्यांनी क्वचितच विचारला.

१९३६ साली युद्ध पेटले. कान्येरोने प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या सैन्याची बाजू घेतली आणि कोर्दोबाच्या परिसरात स्वयंसेवक घोडेस्वारांचे एक पथक उभारले. ज्या घोडदौडीला प्रेक्षक टाळ्या देत, तिच्याच टापांनी खेड्यांतील शेतमजुरांच्या काळजात धडकी भरली असेल. नाव काढून टाका म्हणणाऱ्यांचा आधार हाच आहे, आणि तो क्षुल्लक नाही.

नाव राखू पाहणाऱ्यांचा आधारही क्षुल्लक नाही. युद्धानंतरच्या कोर्दोबात घरांची भयंकर टंचाई होती. बिशप आल्बिनो यांच्या पुढाकाराने गरिबांसाठी घरे बांधली जात होती, आणि त्या कामासाठी कान्येरोने आपली जमीन दिली. त्या छपराखाली ज्यांचे संसार फुलले, त्यांना हे नाव म्हणजे घरचाच पत्ता वाटावा, यात नवल काय?

परंतु या देणगीकडे आणखी एका दृष्टीने पाहावयास हवे. अंदालुसियातील जमीन मोजक्या जमीनदारांच्या हाती एकवटलेली होती आणि लाखो मजूर रोजंदारीवर राबत होते. १९३२ साली प्रजासत्ताकाने शेतजमीन सुधारणेचा कायदा करून हे चित्र पालटण्याचा प्रयत्न केला. त्या प्रजासत्ताकाचा पाडाव करण्यात कान्येरोचा हात होता. शेतीची जमीन आणि घरांची जागा या गोष्टी एक नव्हेत, हे मान्य. तरीही ज्या व्यवस्थेत गरिबाला हक्काने काही मिळण्याची वाट बंद झाली, त्याच व्यवस्थेत त्याला दान म्हणून छप्पर मिळाले, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. हक्क मागणाऱ्याची मान ताठ असते. दान घेणाऱ्याला ती थोडी झुकवावी लागते. देणाऱ्याचे औदार्य खरे असले, तरी हा फरक उरतोच.

मग पाटी ठेवावी की उतरवावी? नाव पुसल्याने मारले गेलेले परत येत नाहीत, उलट पुढच्या पिढीला प्रश्न विचारण्याचे निमित्तही उरत नाही. नुसते नाव ठेवल्याने मात्र अर्धे सत्य पूर्ण सत्य म्हणून मिरविते. म्हणून वस्तीचे नाव रहिवाशांच्या इच्छेनुसार राहू द्यावे. परंतु त्या नावाखाली स्वाराचे कौशल्य, पथकाचे युद्धकार्य आणि जमिनीचे दान या तिन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहाव्यात. एका गोष्टीची दुसरीतून वजाबाकी करून शिल्लक काढण्याचा मोह टाळावा. माणसाचे पुण्य त्याच्या अपराधाची भरपाई करीत नाही, आणि अपराधामुळे पुण्य खोटेही ठरत नाही. हे शाळकरी मुलांना समजणार नाही, अशी भीती मोठ्यांनाच अधिक वाटते. त्या चौकात खेळणाऱ्या मुलांना संपूर्ण हकीकत वाचावयास मिळाली, तर त्यांचा निवाडा मोठ्यांहून अधिक समंजस ठरण्याचीच शक्यता आहे.