चार्जर ‘स्मार्ट’, घड्याळ मात्र परके

विजेवर चालणारी मोटार घ्यावी की नाही, हा प्रश्न नांदेड-लातूरकडच्या डॉक्टर, आडत व्यापारी आणि प्राध्यापक वर्गात आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. गाडी पसंत पडते, हप्ते ठरतात आणि मग घोडे अडते ते घरी बसवावयाच्या चार्जरपाशी. गाडीबरोबर मिळणारा साधा चार्जर वापरावा, भिंतीवर ७.२ किलोवॅटचा बसवावा, की मोबाइलवरून चालणारा ‘स्मार्ट’ चार्जर घ्यावा? विक्रेत्याचा कल साहजिकच तिसऱ्या पर्यायाकडे असतो. तथापि, हा स्मार्टपणा ज्या परिस्थितीसाठी घडविला गेला ती परिस्थिती आणि मराठवाड्यातील घराची परिस्थिती यांत मोठे अंतर आहे. ते लक्षात न घेता केलेली खरेदी महागात पडण्याची शक्यता अधिक.

ब्रिटनची रात्र, मराठवाड्याची दुपार

स्मार्ट चार्जरचे मुख्य काम म्हणजे वीज स्वस्त असताना गाडी भरणे. ब्रिटनमध्ये ३० जून २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार घरगुती चार्जर स्मार्ट असणे बंधनकारक झाले. कामाच्या दिवशी सकाळी ८ ते ११ आणि दुपारी ४ ते रात्री १० या गर्दीच्या वेळा टाळण्याची सोय त्यात आधीच बसविलेली असावी लागते. तेथे रात्रीची वीज स्वस्त असते आणि गाडीही रात्री घरीच उभी असते. हिशेब सरळ आहे.

महाराष्ट्रात हे घड्याळ उलटे फिरू लागले आहे. उद्योगांना रात्री दहानंतरच्या वापरावर सवलत देण्याची पद्धत येथे वर्षानुवर्षे होती. सौरऊर्जेचा वाटा वाढला तसा दिवसाच्या विजेचा सुकाळ झाला. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सौर तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असे तत्त्व घालून दिले. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी महावितरणने १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैशांपासून सवलत जाहीर केली. वीजदराचे आदेश वरचेवर बदलतात, त्यामुळे चालू आकडा आपल्या बिलावरच पाहावा. दिशा मात्र स्पष्ट आहे. यापुढे स्वस्त वीज दुपारची.

मेख येथेच आहे. लातूरच्या मार्केट यार्डातील व्यापाऱ्याची किंवा नांदेडच्या डॉक्टरची गाडी दुपारी घरी नसते. ‘रात्री आपोआप चार्जिंग’ हे जाहिरातीतील वैशिष्ट्य त्यांच्या बिलात पैशाचीही बचत करीत नाही. शिवाय स्मार्ट चार्जर घेतला म्हणजे सवलत मिळाली, हा समजही चुकीचा आहे. सवलत स्मार्ट मीटरमुळे मिळते, चार्जरमुळे नव्हे.

आकड्यांचा आरसा

महिन्याला १,००० किलोमीटर धावणाऱ्या मध्यम आकाराच्या मोटारीला, चार्जिंगमधील गळती धरून, सुमारे १६५ युनिट वीज लागते. ही सगळी वीज सवलतीच्या वेळेत भरली तरी ८० पैशांच्या दराने महिन्याला १३२ रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे १,६०० रुपये वाचतात. केवळ वेळ साधण्यासाठी चार्जरवर जास्तीची मोठी रक्कम खर्च करणाऱ्याने हा आकडा समोर ठेवावा. वेळ लावण्याची सोय तर कित्येक गाड्यांत मुळातच असते.

बिलावरचा खरा भार वेगळ्याच कारणाने वाढतो. घरगुती वीजदर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढत जातो. दरमहा २०० युनिट वापरणारे घर गाडीमुळे ३६५ युनिटवर जाते आणि त्यातील ६५ युनिटना वरच्या टप्प्याचा दर लागतो. कोणताही स्मार्ट चार्जर हा टप्पा चुकवू शकत नाही. तो चुकवू शकते छतावरची सौर यंत्रणा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॅटच्या यंत्रणेसाठी ७८,००० रुपयांचे अनुदान ठरविण्यात आले. मराठवाड्याच्या उन्हात अशी यंत्रणा दिवसाला सरासरी १२ युनिटच्या आसपास वीज देते, तर वरील गाडीची रोजची गरज साडेपाच युनिटची आहे. ज्याची गाडी दिवसा घरी किंवा स्वतःच्या रुग्णालयाच्या आवारात उभी राहते, त्याच्यासाठी सौर निर्मितीनुसार प्रवाह कमी-जास्त करणारा चार्जर खरोखर उपयोगाचा ठरतो. स्मार्ट या शब्दाला अर्थ येतो तो येथे.

वेग कोणाला हवा?

साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा चार्जर सुमारे ३.३ किलोवॅट देतो. शहरातल्या शहरात दिवसाला ३०-३५ किलोमीटर फिरणाऱ्याची गरज त्यावर दोन तासांच्या आत भागते. ७.२ किलोवॅटचा चार्जर ज्याला लागतो तो प्रवासी निराळा. नांदेड ते लातूर हे अंतर लोहा-अहमदपूर-चाकूर मार्गे सुमारे १४० किलोमीटर. एका दिवसात जाऊन-येऊन ४५ युनिटच्या घरात वीज खर्ची पडते. ती भरून काढण्यास साध्या चार्जरला साडेतेरा तास, तर ७.२ किलोवॅटच्या चार्जरला सव्वासहा तास लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघावयाचे असेल तर हा फरक निर्णायक आहे.

अर्थात, चार्जर कितीही मोठा असला तरी गाडी स्वतःच्या अंगभूत क्षमतेपेक्षा जास्त एसी वीज घेत नाही. गाडीतील उपकरण ३.३ किलोवॅटचे असेल, तर भिंतीवर ७.२ चा चार्जर लावूनही वेळ तेवढाच लागतो. बाजारातील बऱ्याच गाड्या प्रकारानुसार ३.३ किंवा ७.२ किलोवॅट घेतात, ११ किलोवॅट घेणाऱ्या मोजक्याच आहेत. त्यासाठी थ्री फेज जोडणी घेतली तर स्थिर आकारही वाढतो. गाडीचे माहितीपत्रक पाहिल्यावाचून चार्जर ठरवू नये.

जमिनीखालचा प्रश्न

या सर्व चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहते ते अर्थिंग. चार्जर तासन् तास पूर्ण प्रवाह ओढतो, ७.२ किलोवॅटसाठी तब्बल ३२ अँपिअर. मिक्सर किंवा पंपासारखे हे काही मिनिटांचे काम नव्हे. या भागातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खाली खडक लागतो, ओल नाहीशी होते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. पावसाळ्यात व्यवस्थित चालणारा चार्जर एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा दोष दाखवून बंद पडतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते. अशा वेळी न्यूट्रल आणि अर्थच्या तारा एकत्र जोडून चार्जरला ‘गप्प बसविण्याचा’ जो उपाय केला जातो, तो जिवाशी खेळ आहे. न्यूट्रल तुटल्यास गाडीच्या धातूच्या अंगात वीज उतरू शकते. स्वतंत्र अर्थिंग खड्डा, त्याला उन्हाळ्यात नियमित पाणी, स्वतंत्र तार आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी हा खर्च चार्जरच्या किमतीइतकाच आवश्यक आहे.

दुसरी अडचण दाबाची. नियमानुसार २३० व्होल्टमध्ये ६ टक्क्यांहून अधिक चढ-उतार नसावा. परंतु उन्हाळ्याच्या संध्याकाळी कूलर आणि वातानुकूलन यंत्रे एकदम सुरू झाली की रोहित्राच्या टोकाकडील घरांत दाब खाली येतो. म्हणून कमी दाब सहन करण्याची चार्जरची मर्यादा किती आणि वीज जाऊन आल्यावर तो आपोआप पुन्हा सुरू होतो की नाही, हे दोन प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावेत. वीज गेली की घरातील वायफायही जाते. वायफायविना जो चार्जर चालत नाही तो येथे कुचकामी. घरातील एकूण भार मोजून स्वतःचा प्रवाह कमी करणारी सोय मात्र मोलाची आहे. गिझर, वातानुकूलन यंत्र आणि गाडी एकाच वेळी चालली तरी मुख्य स्विच पडत नाही.

परदेशातील एक अनुभवही बोलका आहे. अमेरिकेत ‘ज्यूसबॉक्स’ हे चार्जर विकणाऱ्या एनेल एक्स वे कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील व्यवसाय गुंडाळला. घरगुती चार्जर वीज देत राहिले, पण ज्या अॅपसाठी ग्राहकांनी जादा पैसे मोजले होते त्याचा आधार गेला. कंपनीचे सेवाकेंद्र पुण्यात किंवा हैदराबादेत आणि ग्राहक उदगीर किंवा देगलूरला, अशा स्थितीत हा धोका अधिकच जाणवणारा आहे.

क्रम उलटा हवा

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या चालू जोडणीवरून गाडी भरण्यास मुभा आहे. मंजूर भार अपुरा असेल तर मात्र महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घेणे क्रमप्राप्त ठरते. सदनिकाधारकांनी एकेकट्याने वाहनतळापर्यंत तारा ओढण्याऐवजी सोसायटीमार्फत विचार करावा. ‘सूर्यघर’ योजनेत सोसायट्यांच्या सामायिक सुविधांसाठी प्रतिकिलोवॅट १८,००० रुपयांचे अनुदान ठेवले गेले आणि वाहन चार्जिंगचाही त्यात समावेश केला गेला.

तात्पर्य, या दोन शहरांतील ग्राहकाने खरेदीचा रूढ क्रम उलटा करावयास हवा. प्रथम अर्थिंग आणि तारा, मग मंजूर भार, मग छतावरची सौरऊर्जा आणि सर्वांत शेवटी चार्जर. तोही रोजच्या धावेला पुरेल एवढाच. वीजपुरवठ्याचा पाया कच्चा असेल तर मोबाइलवर दिसणारे रंगीत आलेख काही कामाचे नाहीत. तो पक्का असेल तर साध्या चार्जरवरही गाडी सकाळी वेळेवर तयार असते.