नदीकाठचे घर, समुद्राचे पाणी

निवृत्तीनंतर फ्लोरिडात घर घ्यायचे, निदान थंडीचे चार महिने तिकडे काढायचे, हा विचार आपल्या मंडळींत आता चांगलाच रुळला आहे. मुले आपापल्या मार्गाला लागली, न्यू जर्सीतले घर मोठे वाटू लागले, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसण्याचा कंटाळा आला, की जाहिराती चाळणे सुरू होते. या जाहिरातींतला 'ओशनफ्रंट' हा शब्द मला नेहमी खटकतो. गाव असते खाडीवर किंवा इंट्राकोस्टल वॉटरवेवर. गच्चीतून दिसते पलीकडच्या बेटावरच्या इमारतींची रांग. आणि जाहिरात मात्र म्हणते की हे समुद्रकाठचे शहर!

याउलट, "आमचे घर नदीजवळ आहे, समुद्र वीस मैलांवर, आम्हाला कसली वादळाची भीती?" असे म्हणणारेही आपल्यातच आहेत. मला हे दोन्ही हिशेब उलटे वाटतात. किंमत मोजताना अशा घराला समुद्रकाठचे मानू नये, आणि विमा घेताना मात्र अवश्य मानावे.

किंमतीचे आधी उरकून घेतो. इंट्राकोस्टल वॉटरवे म्हणजे खाड्या, नद्या आणि खोदलेले कालवे जोडून किनाऱ्याला समांतर केलेला बोटींचा मार्ग. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी तो मुख्य भूमी आणि समुद्राकडची लांबट बेटे यांच्या मधून जातो. घर आणि समुद्र यांच्यामध्ये दुसरे काहीच नसेल, तेच खरे ओशनफ्रंट. 'ओशन ॲक्सेस' याचा अर्थ एवढाच, की तुमची बोट तिथून समुद्रात जाऊ शकते, आणि तीही वाटेतल्या पुलाखालून मावली तर. आपल्यापैकी किती जणांकडे बोट आहे? मग त्या शब्दाचे पैसे आपण का द्यायचे?

आता पाण्याचे. समुद्राचे पाणी जाहिरात वाचून ठरवत नाही की कुठपर्यंत यायचे. हडसन नदीला भरती-ओहोटी थेट ट्रॉयपर्यंत जाणवते, म्हणजे न्यूयॉर्क शहरापासून सुमारे १५० मैल आत. डेलावेअर नदीला ती फिलाडेल्फिया ओलांडून ट्रेंटनपर्यंत येते. कोकणातल्या वाचकांना यात नवल वाटू नये. चिपळूणला कोणी समुद्रकाठचे गाव म्हणत नाही. वाशिष्ठी समुद्राला मिळते ती दूर दाभोळला. पण गोवळकोटच्या धक्क्यावर भरतीचे पाणी चढलेले पाहिलेला माणूस जाणतो, की वरून मुसळधार पाऊस आणि खालून खाडीचे उधाण अशी गाठ पडली की पाण्याला जायला वाट राहत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा पावसाच्या जोडीला भरतीही होतीच.

तेच गणित आपल्या अंगणात २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळाने करून दाखवले. पौर्णिमेची भरती होती, तिच्यावर वाऱ्याने लोटलेले पाणी चढले. होबोकेन हे हडसन नदीवरचे शहर. उघडा समुद्र तिथून दिसतही नाही. तरी नदी रस्त्यांवर आली आणि अडकलेल्या लोकांना काढायला नॅशनल गार्डचे ट्रक आणावे लागले. लिटल फेरी आणि मूनाची ही तर हॅकेन्सॅक नदीजवळची, बर्गन काउंटीतली गावे. तिथेही रात्रीतून घरांत पाणी शिरले. आपल्या आणखी जवळचे उदाहरण म्हणजे रॅरिटन नदीवरचे सेअरव्हिल. तिथली आणि वुडब्रिज टाउनशिपमधली कित्येक घरे पुढे न्यू जर्सी सरकारने 'ब्लू एकर्स' योजनेत विकत घेऊन पाडली आणि जागा मोकळ्या सोडल्या. ओक ट्री रोडवर भाजी आणायला जाताना आपण याच वुडब्रिजमध्ये असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

फ्लोरिडातही तेच झाले. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळ राज्याच्या पश्चिम बाजूने वर सरकले, पण जॅक्सनव्हिल आहे ईशान्येच्या कोपऱ्यात. शहराचा मध्यभाग समुद्रावर नाही, सेंट जॉन्स नदीवर आहे. तरीही ११ सप्टेंबरला नदी तिथल्या रस्त्यांवर विक्रमी उंचीने चढली.

खरा समुद्रकाठ आणि नदीकाठ यांत फरक नाहीच असे मी म्हणत नाही. फेमाच्या पूरनकाशावर 'व्ही' अक्षराचा विभाग असतो. तिथे तीन फूट किंवा त्याहून उंच लाटा घरावर आदळण्याची शक्यता धरलेली असते. नदीकाठी बहुधा 'ए' विभाग येतो. लाटेने भिंत पडते, चढत्या पाण्याने भिंत उभी राहते पण घरातले सगळे जाते. गालिच्याला आणि फर्नेसला हा भेद कळत नाही.

कायद्यालाही मैलांचे माप पुरले नाही. २४ जून २०२१ ला सर्फसाइडची बारा मजली इमारत कोसळून ९८ माणसे गेली. त्यानंतर २०२२ मध्ये फ्लोरिडाने तीन किंवा अधिक मजल्यांच्या काँडोंना तिसाव्या वर्षी तपासणी सक्तीची केली, आणि किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत असल्यास पंचविसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी ते तीन मैल काढून टाकले. खाऱ्या पाण्याची जवळीक वगैरे स्थानिक परिस्थिती पाहून पंचवीस वर्षांचा नियम लावायचा की नाही, हे स्थानिक अधिकाऱ्यांवर सोपवले. म्हणून जुना काँडो घेताना तपासणीचा अहवाल आणि दुरुस्तीचा राखीव निधी आधी मागून घ्यावा. तो निधी रिकामा असला, की भरपाईचे बिल नव्या मालकाकडेही येते.

प्रकृतीच्या दृष्टीनेही एक सांगतो. गोडे आणि खारे पाणी मिसळलेल्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जंतू वाढतात. सप्टेंबर २०२२ च्या इयन वादळानंतर फ्लोरिडात त्यांचे रुग्ण वाढले होते. मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी पायाला जखम असताना अशा पाण्यात मुळीच उतरू नये. आपल्यात मधुमेह किती घरांत आहे, ते वेगळे सांगायला नको. शिवाय भिजलेल्या भिंतींवर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते आणि दमेकऱ्यांना त्रास होतो.

आता विमा. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. हे इतक्यांदा छापून झाले आहे, तरी पुन्हा लिहावे लागते. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. सरकारी योजनेत घरासाठी जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानासाठी १,००,००० डॉलर मिळतात. तळघर नीट सजवून तिथे आई-बाबांची खोली किंवा देवघर केले असेल, तर लक्षात ठेवा, की तळघरातला फर्नेस आणि पाण्याचा हीटर विम्यात बसतात, पण गालिचा, सोफा आणि सजवलेल्या भिंती बसत नाहीत. ऑक्टोबर २०२१ पासून या विम्याचा हप्ता केवळ नकाशावरचा विभाग पाहून ठरत नाही. पाण्यापासूनचे अंतर, जमिनीची आणि पहिल्या मजल्याची उंची, घर पुन्हा बांधायचा खर्च हेही धरले जातात.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' या शब्दांनीही लोक फसतात. त्याचा अर्थ, दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांचे कर्ज फिटेपर्यंत ती जवळजवळ २६ टक्के होते, म्हणजे चारात एक. चारात एक शक्यता असलेल्या आजारावर आपण औषध घेतले असते की नाही?

एक चांगली गोष्ट अशी, की २०२४ पासून न्यू जर्सी आणि फ्लोरिडा, दोन्हीकडे विकणाऱ्याला पुराबद्दलची माहिती लेखी द्यावी लागते. तो कागद सही करण्याच्या दिवशी नव्हे, ऑफर देण्याआधी मागा. आणि पॉलिसी साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होते. कर्जाच्या वेळी घेतली तर गोष्ट वेगळी. वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो. तेव्हा ज्यांना यंदा घ्यायची आहे त्यांनी एप्रिल संपायच्या आत एजंटला फोन करावा.