कॉफीचे दळण

नात्यातल्या तिघांनी गेल्या महिन्यात फोन करून एकच प्रश्न विचारला: घरी एस्प्रेसो करायची तर ग्राइंडर कुठला घ्यावा, स्वस्त की महाग? प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले असल्याने मुद्द्यावर यायला मला जरा वेळ लागतो, तेवढे सांभाळून घ्या.

मुळात आमचे घर चहाचे. कॉफी म्हणजे उपासाच्या दिवशी, तीही जायफळ घालून. पण हिंदमाताहून आंबेडकर रस्त्याने सरळ उत्तरेला निघाले की दादर टीटी ओलांडून माटुंग्याचे किंग्ज सर्कल येते, आणि तिथे म्हैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानापाशी बियांचा भाजका वास नाकात शिरतो. निवृत्तीनंतर या वासाने आम्हा दोघांना ओढले. पीबेरी की प्लँटेशन, चिकोरी किती टक्के, सगळे दुकानदाराला सांगायचे आणि गरम पुडी पिशवीत घालून बसने घरी यायचे. स्टीलच्या फिल्टरला एवढे पुरे होते. फिल्टर हा प्राणी गरीब आहे. पाणी आपल्या वजनाने टिपटिप खाली उतरते, दळण थोडे जाड-बारीक झाले तरी तो सांभाळून घेतो.

मग बंगळूरच्या मुलाने एस्प्रेसोचे मशीन आणून दिले आणि शांतता संपली.

एस्प्रेसोत गरम पाणी नऊ बार दाबाने कॉफीतून ढकलले जाते. अठरा ग्रॅम पूड घालायची आणि पंचवीस-तीस सेकंदांत साधारण छत्तीस ग्रॅम कॉफी खाली यायला हवी. पूड जाड असली तर दहा सेकंदांत पाणी पळून जाते, कप आंबट आणि पाणचट. फार बारीक असली तर थेंब पडता पडत नाही आणि पडतो तो कडूजहर. शिवाय बिया जुन्या होतात, हवा बदलते, पावसाळ्यात आमच्या नाक्याची काय दशा होते ते तुम्ही टीव्हीवर पाहताच. त्यामुळे कालचे माप आज चालेलच असे नाही, रोज केसभर इकडे-तिकडे करावे लागते. दुकानातून दळून आणलेल्या पुडीला ते कसे जमणार? म्हणून घरी ग्राइंडर. माझे स्पष्ट मत आहे की पैसे कमी असतील तर मशीन साधे घ्या पण ग्राइंडरवर हात आखडू नका. उलटे केलेत तर पस्तावाल.

पहिला प्रयोग अर्थात घरच्या मिक्सरवर. मिक्सरचे पाते दळत नाही, तोडते. काही बियांची राख होते, काही अर्ध्याच राहतात. अशा पुडीत पाण्याला हवी तिथून वाट सापडते आणि बाकीची कॉफी कोरडीच बसते. मिक्सरला दोष नाही, तो चटणीसाठी जन्मला आहे. सुमीत मिक्सरची गोष्ट माहीत आहे ना? १९६३ च्या सुमारास इथे मुंबईत माधुरी माथूर यांचा जर्मन मिक्सर आपल्या स्वयंपाकापुढे बंद पडला, म्हणून सत्यप्रकाश माथूर या त्यांच्या इंजिनिअर नवऱ्याने दणकट मोटरचा मिक्सर तयार केला. अशा नवऱ्यांची संख्या फार नाही, पुढे कळेलच.

दुसरा प्रयोग, हजार-बाराशेचा हाताने फिरवायचा ग्राइंडर, आत चिनी मातीची दातेरी चक्रे. कंपनीचे नाव घेत नाही. त्याची आतली दांडी हलायची. जात्याचा खुंटा ढिला झाला की पीठ कसे एका बाजूने रवाळ पडते, तसेच. सहा दिवसांत तो माळ्यावर गेला.

खरा विचार करण्यासारखा पल्ला त्याच्या वर सुरू होतो. स्टीलची चक्रे असलेले चांगले हातग्राइंडर पाच-सहा हजारांपासून मिळतात. मात्र त्यातले बरेचसे फिल्टरसाठी केलेले असतात. विकत घेताना एकच विचारायचे: एक खटका फिरवला की चक्र किती सरकते? किंगग्राइंडरच्या के-६ मध्ये खटक्याला १६ मायक्रॉन, वन-झी-प्रेसोच्या जे-अल्ट्रामध्ये ८. खटका मोठा असेल तर सोमवारी आंबट आणि मंगळवारी कडू, मधले काही हाती लागतच नाही. आम्ही शेवटी या जातीचा एक घेतला आणि कबूल करते, पहिल्या कपालाच मी गप्प झाले.

आता विजेवरचे. बंगळूरला पंधरा दिवस मुलाकडे होते, तिथे बराट्झाचा एन्कोर ईएसपी आहे. बटण दाबले की काम झाले. चाळीस पायऱ्या, त्यातल्या पहिल्या वीस एस्प्रेसोच्या. गंमत पाहा, अमेरिकेत हा आणि जे-अल्ट्रा दोन्ही २०० डॉलरच्या आसपास. पण विजेवरच्यात चक्र ४० मिलिमीटरचे आणि हाताच्यात ४८ चे. एकाच पैशात हातवाल्यात चक्र मोठे कसे? उघड आहे. मोटरचे पैसे वाचले ते चक्रात गेले. त्याच्याही वर निश झीरोसारखे ६३ मिलिमीटरचे विजेवरचे ग्राइंडर आहेत, किंमत कितीतरी जास्त. मुलाच्या मित्राकडे त्याची कॉफी प्यायले. उत्तम होती. पण आमच्या कपापेक्षा तितक्या पटीने उत्तम होती का? माझ्या जिभेला तर नाही वाटली. अमुक एका किमतीनंतर पैसे चवीला कमी आणि सोयीला जास्त लागतात.

इथपर्यंत मीही हेच सांगत असे की हातग्राइंडर घ्या, निम्म्या पैशात तीच चव. इंटरनेटवरही तरुण मुले हेच सांगतात, मायक्रॉनचे तक्ते मांडून. तक्त्यात एक रकाना मात्र कुणी ठेवत नाही. फिरवणार कोण?

एस्प्रेसोसाठी बारीक दळायचे म्हणजे वळसे जास्त. कमी भाजलेल्या बिया तर दगडासारख्या. अठरा ग्रॅमला मिनिट-दीड मिनिट जोर लावावा लागतो. आमच्याकडे सकाळी दोनदा, संध्याकाळी एकदा. पाहुणे आले की आणखी. आठ महिन्यांनी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. बरणीचे झाकण उघडेना, पेन धरवेना. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितले, सांधा झिजला आहे. वयाने झिजला, ग्राइंडरने नव्हे, हे खरे. पण मग त्यांनी विचारले, "या हाताने काही फिरवता का हो रोज?"

मला एकदम आई आठवली. परळच्या आमच्या खोलीत कोपऱ्यात जाते होते. खाली पिठाची गिरणी आली तरी भाजणी आणि मेतकूट घरच्याच जात्यावर. जात्याला टाकी लावायला बाई आली की आई तिला आधी चहा द्यायची, मग घासाघीस करायची. रव्यासाठी गहू दळायच्या आधी त्यांना पाण्याचा हात लावायची. आता कॉफीच्या बियांनाही दळण्याआधी पाण्याचा थेंब लावतात, म्हणजे पूड स्थिर विजेने उडत नाही. ओरेगन विद्यापीठातल्या लोकांनी २०२३ मध्ये त्यावर शोधनिबंध छापला. वाचून मला आईचा ओला हात दिसला. पण तिच्या त्या हाताची बोटे शेवटी शेवटी मिटत नसत, हेही दिसले. गिरणीत दळायला चार पैसे पडतात आणि घरी फुकट, असे वडील म्हणायचे. फुकट कुणाला, हे त्यांना कुणी विचारले नाही. मीही नाही.

तेव्हा फोन करणाऱ्या तिघांना माझे बदललेले उत्तर असे. घरात जो कॉफी पितो तोच दळणार असेल आणि त्याचे मनगट धड असेल, तर हाताचाच घ्या, पैशाला पैसा वसूल होईल. नाहीतर त्याच पैशात विजेवरचा, चक्र थोडे लहान असले तरी. इकडे आयात कर धरून तो महाग पडतो, पण डॉक्टरची फी त्यात मिळवून पाहा.

आमच्या ह्यांना मात्र हे पटले नव्हते. "चव तीच, मग एवढे पैसे कशाला?" मी वाद घातला नाही. ग्राइंडर त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटले, "आजपासून दळण तुमच्याकडे." पहिल्या दिवशी वळसे मोजत, हसत हसत दळले. दुसऱ्या दिवशी मध्ये दोनदा थांबले. तिसऱ्या दिवशी ग्राइंडर दोन गुडघ्यांत धरून पाहिला, आणि संध्याकाळी म्हणाले, आज चहाच टाक.

चौथ्या दिवशी मी आंघोळीहून बाहेर आले तर हे गॅलरीत उभे. खाली हिंदमाताच्या कपड्यांच्या दुकानांपुढे टेंपोवाल्यांचे हॉर्न वाजत होते, त्यावर आवाज चढवून मुलाशी फोनवर बोलत होते, "अरे, ते तुझ्याकडचं बटणाचं, केवढ्याला पडतं म्हणालास?"